पद्माक्काचं वाण

संक्रांत झाली की माझा घसा बसतो. गेली दोन-तीन वर्षं हे असंच चाललंय. म्हणजे घसा तसा ठणठणीत असतो. अकरावी-बारावीच्या पोरांवर वर्गात ओरडताना त्याला काही होत नाही. पण फोन वाजतो, पलीकडून कुणीतरी गोड आवाजात म्हणतं, "मॅडम, आमच्या कॉलनीत हळदीकुंकू आहे, या की. ते बजेट तुम्ही सोपं करून सांगता ना, तेवढं अर्धा तास," आणि माझा आवाज आपोआप खोल जातो. "घसा बसलाय हो," मी म्हणते. सोलापूरच्या बायका मनाने मोठ्या. त्यांना माझं खोटं कळत नाही, किंवा कळलं तरी त्या पोटात घालतात. परवा एकीने ज्येष्ठमध आणून दिलं. त्याआधी दुसरीने दिलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात आता ज्येष्ठमधाच्या इतक्या काड्या साठल्यात की काष्ठौषधींचं दुकान टाकावं. खोटं बोलल्याची लाज वाटतेच, पण जी लाज लपवायला हे खोटं बोलते ती जुनी आहे आणि बरीच मोठी आहे. यंदा ती लिहून काढायची असं ठरवलंय.

हे दिवसच तसे असतात, सगळं उकरून काढणारे. सोलापुरात थंडी पाहुण्यासारखी येते आणि बॅग न उघडताच परत जाते. सकाळी शाल, दुपारी पंखा. संध्याकाळी पाचच्या सुमारास ऊन मऊ होतं, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांचा करकर आवाज वाऱ्यावर येतो, नाक्यावर गाड्यांवर बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे येऊन पडतात. मोहोळकडे जाताना दोन्ही बाजूंना ज्वारीची कणसं भरलेली दिसतात आणि कुठेतरी गोवऱ्यांच्या आगीवर हुरडा भाजल्याचा वास येतो. आणि गल्लीगल्लीतून बायका निघतात. कुणाची संक्रांतीची काळी साडी, कुणाची गेल्या लग्नातली, आणि प्रत्येकीच्या हातात एक रिकामी पिशवी. ती रात्रीच्या जेवणाआधी भरून परत यायची असते.

त्या पिशवीत वाणं असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकेकीच्या घरी जायचं, हळदीकुंकू लावून घ्यायचं, तिळगूळ खायचा, आणि ती जे देईल ते वाण पदरात घ्यायचं. मग आपण तिला बोलवायचं, आपण द्यायचं. वाटी, चमचा, गाळणी, कंगवा, आरसा, डबी. वाण केवढ्याचं हे तिथे कुणी विचारत नाही आणि घरी आल्यावर सगळ्याजणी पाहतात. दुधनीला आमचं भुसाराचं अडत दुकान होतं, तेव्हा माझी आई दरवर्षी ओंजळभर तूरडाळ वाण म्हणून द्यायची. दुकानात पोत्यांनी डाळ, मग वेगळं काय आणायचं, असा तिचा सरळ हिशेब. बायका "छलो अद" म्हणत डाळ ओटीत घ्यायच्या. कानडीत चांगलं आहे म्हणणं आणि मराठीत नाक मुरडणं एकाच वेळी जमणाऱ्या बायका फक्त आमच्या सीमाभागातच असतील. आईला दोन्ही भाषा येत, तरी तिने कधी डाळ बदलली नाही.

मी बोलायला लागले ते ठरवून नव्हे. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. हा विषय म्हणजे पोरांच्या दृष्टीने झोपेचं औषध. त्यांना जागं ठेवायला मी घरातली उदाहरणं देऊ लागले. मग कॉलनीच्या महिला मंडळाच्या वैशालीताईंनी एका वर्षी हळदीकुंकवाला पकडलं. "नुसतं नाव घेऊन उखाणे काय म्हणायचे दरवर्षी? तुम्ही ते बजेट सांगा. आमच्या ह्यांना कळतं असं ते म्हणतात, पण मला शंका आहे." त्या संध्याकाळी मी गंजात पाणी ओतून तूट दाखवली, लाटणं आणि पोळपाट घेऊन कर दाखवला. बायका खळखळून हसल्या. मला ते हसणं फार आवडलं. माणसाला कसली ना कसली चटक लागते. मला ती लागली.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कॉलनीतून बोलावणं आलं, मग शाळेतून, मग बँकेच्या महिला दिनाला. 'बजेटवाल्या मॅडम' असं नाव पडलं. खोटं कशाला सांगू, मिरवायचे मी. वर्तमानपत्रातले मोठे शब्द घ्यायचे, सोलायचे, आतला गर बायकांच्या हातावर ठेवायचा. रिक्षावाल्या काकांनी एकदा भाडं घेतलं नाही. म्हणाले, "तुमच्यामुळं बायको पेपर वाचाय लागली, मला देत न्हाई आता." त्या दिवशी मी घरी आरशात पाहून हसले होते.

पण खरं सांगायचं तर मला चांगलं बोलायला शिकवलं ते पद्माक्काने.

पद्माक्का आमच्या मागच्या चाळीत राहते. तेलुगू घर, नवरा यंत्रमागावर, ती तेव्हा टॉवेलच्या एका कारखान्यात पॅकिंगला. टॉवेलाची घडी घालून तो कागदात, मग पिशवीत, मग खोक्यात. वीस-बावीस वर्षं हेच काम. तिच्या हातची घडी पाहावी. एकदा माझ्याकडे आली तर बोलता बोलता तिने दोरीवरचे कपडे काढले आणि घडी घालून ठेवले. माझ्या नवऱ्याचा शर्ट दुकानातून आल्यासारखा दिसायला लागला. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते आणि ती मला मॅडम. हे काही बरोबर नाही, पण ते तसंच राहून गेलं.

पहिल्या भाषणाला ती दुसऱ्या रांगेत बसली होती. सगळ्या टाळ्या वाजवून उठल्यावर तिने हात वर केला. "मॅडम, ह्ये तुमी टक्के टक्के म्हंता. ह्यो टक्का आमच्या घरात कुटं असतो? कुटल्या डब्यात बघायचा?" बायका हसल्या. मीही हसले, पण घरी गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. वीस वर्षं शिकवत होते, असा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक आकडा घरातल्या कुठल्या डब्यात दिसतो ते शोधायला लागले. ती दरवर्षी दुसऱ्या रांगेत असायची. तिच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं की मी पुढे जायचे, नाही दिसलं तर परत सांगायचे. ती माझी मोजपट्टी होती, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आणि मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी रथसप्तमी फेब्रुवारीत होती, म्हणजे बजेट ऐन हळदीकुंकवात सापडलं. मला महागाई समजावून सांगायची होती. तीसुद्धा ती लपलेली महागाई, जिच्यात पुड्याची किंमत तीच राहते आणि आतला माल कमी होतो. बिस्किटाचं उदाहरण सगळेच देतात. मला नवं काहीतरी हवं होतं. आदल्या संध्याकाळी मी वाणांचा खण उघडला. मी वाणं टाकत नाही, वापरतही नाही, साठवते. त्यात पद्माक्काची चार वर्षांची चार वाणं होती. पहिल्या वर्षी स्टीलची वाटी, जड, काठाला नक्षी. दुसऱ्या वर्षी झाकणाची प्लास्टिकची डबी. तिसऱ्या वर्षी चहाची गाळणी, चिमुकली. आणि त्या वर्षी, चारच दिवसांपूर्वी, सेफ्टी पिनांचा एक झुबका. सगळी वाणं तिने कागदात बांधून दिली होती. इतर बायका उघडी वाणं देतात, फार तर पिशवीत. पद्माक्काचं वाण नेहमी बांधलेलं. गुलाबी कागद, त्याच्या आत पांढरा बटर पेपर, घडीवर घडी, आणि वरून टॉवेलाच्या पांढऱ्या सुताचं फूल.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. अख्खा धडा माझ्या खणात तयार होता. चार वर्षं, चार वस्तू, उतरता क्रम. टक्का कुठल्या डब्यात दिसतो म्हणून विचारलं होतं ना, हा बघा दिसला. मी पिनांचं वाण परत बांधायला घेतलं, कारण ते स्टेजवर सगळ्यांसमोर उघडण्यात मजा होती. मला तिच्यासारखी घडी जमेना. पहिल्यांदा बांधलं ते पुडीसारखं दिसायला लागलं, म्हणून सोडलं आणि पुन्हा बांधलं. दोनदा बांधलं मी ते. दोन्ही वेळा एकदाही मनात आलं नाही की ज्या बाईने हे आधी बांधलं तिने एवढे कष्ट का घेतले असतील.

हॉल भरलेला होता. गणपतीतला माईक मधूनच शिट्टी मारत होता, दारात उसाची कांडकी आणि हलव्याची ताटली होती. पद्माक्काने लवकर येऊन खुर्च्या लावल्या होत्या, मला कुंकूही तिनेच लावलं होतं. मी टेबलावर एकेक वस्तू मांडली. नाव घेतलं नाही. त्याचा मला नंतर कित्येक दिवस आधार वाटत होता, की नाव तर नाही ना घेतलं. "आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत," मी म्हणाले. "चार वर्षांची त्यांची वाणं." वाटी. डबी. गाळणी. बायकांना कळायला लागलं होतं आणि त्या हसायला लागल्या होत्या. मग मी शेवटचं वाण हातात घेतलं आणि उघडायला लागले, सावकाश. सुताचं फूल सोडलं. गुलाबी कागद. "अजून आहे हं." बटर पेपर. "अजून आहे." एक घडी, दुसरी घडी. हॉलमध्ये हसू वाढत गेलं. शेवटी चिमटीत तो पिनांचा झुबका धरून मी माईकसमोर हलवला. त्याचा किणकिण आवाज माईकवर छान आला. "बघा. कागद वाढला, वस्तू आटली. हिला म्हणतात महागाई!"

असा हशा त्या हॉलमध्ये पूर्वी झाला नसेल. तो कागद, ती घडी, ते सूत कुणाचं हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तसंच वाण त्यांच्याही पिशवीत पडलं होतं. मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. पद्माक्का पदराचं टोक तोंडावर धरून हसत होती. मी म्हटलं, वा! तिलाही पटलं. तिला पटलं म्हणजे धडा बरोबर.

कुणीतरी फोनवर ते सगळं टिपलं होतं. दोन दिवसांत ते अख्ख्या शहराच्या फोनवर फिरलं. बँकेतला शिपाई मला "सेफ्टी पिन मॅडम" म्हणाला. अक्कलकोटहून बोलावणं आलं, मोहोळहून आलं. त्या पंधरा दिवसांत मी तोच प्रयोग सहा-सात ठिकाणी केला. पर्समध्ये ती चार वाणं घेऊन फिरायचे, प्रत्येक वेळी नवा गुलाबी कागद. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी मला वाटलं, यात अजून रंग भरता येईल. मग मी वाण देण्याची नक्कल करायला लागले, तिच्या आवाजात. "घ्या की वो, लई काय न्हाई." त्यावर तर बायका खुर्चीतून पडायच्या बाकी राहायच्या. हे लिहिताना माझे कान गरम झालेत. तेव्हा मात्र मला आपण कलावंत आहोत असं वाटत होतं.

पुढच्या वर्षी पद्माक्काचं बोलावणं आलं नाही. माझ्या ते कधी लक्षात आलं, हे सांगायची माझी हिंमत होत नाही, पण तेवढ्यासाठीच तर लिहायला बसलेय. भाषणाची तयारी करताना लक्षात आलं. मला पाचवी वस्तू हवी होती. खण उघडला, पिशवी उलटी केली, पांढऱ्या सुताची गाठ कुठे दिसेना, तेव्हा मला आठवलं की या वर्षी पद्माक्का कुठेच दिसली नाही. वैशालीताईंकडे नाही, देशमुखवहिनींकडे नाही, माझ्याकडेसुद्धा नाही. मी वैशालीताईंना विचारलं, "अक्का गावाला गेल्यात का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला खरंच माहीत नाही? अहो, चार-पाच वर्षं झाली, त्यांच्या कारखान्यात आठवड्यातनं तीनच दिवस काम देतात. ऑर्डरीच नाहीत म्हणे. आणि आता तिच्यासकट पॅकिंगच्या निम्म्या बायकांना घरी बसवलं. मी बोलवायला गेले होते तिला. म्हणाली, माझं वाण आता हसायचं झालंय, ते द्यायला नको. आणि द्यायचं नसेल तर दुसरीकडे जाऊन घ्यायचं कुठल्या तोंडाने?"

ही आमच्याकडची रीत. जी देत नाही ती घेत नाही, आणि जी घेत नाही ती जात नाही. कुणी तिला येऊ नको म्हणालं नव्हतं. तिची ती घरात बसली. वीस-बावीस वर्षं जानेवारीच्या संध्याकाळी हातात पिशवी घेऊन निघणारी बाई दार लावून बसली, आणि ते दार मी लावलं होतं.

लाजेचेही प्रकार असतात. एक लाज क्रूरपणाची, ती लगेच चावली. दुसरी हळूहळू वर आली, आणि ती माझ्या विषयाची होती. माझं उदाहरणच चुकलं होतं. वस्तू महागली म्हणून माणूस कमी घेतो, तसा हातात पैसा कमी आला म्हणूनही कमी घेतो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्याला आम्ही मागणीतला संकोच म्हणतो, दुसऱ्याला मागणीतला ऱ्हास. दोन वेगळ्या आकृत्या. बारावीला हा फरक मी दरवर्षी पावसाळ्यात शिकवते, पोरांकडून पाठ करून घेते, आणि चुकवणाऱ्याच्या पेपरवर लाल पेनाने गोल काढते. पद्माक्काच्या घरात महागाई होती, ती कुणाच्या घरात नसते? पण तिचं वाण आटत गेलं ते तिचं काम आटत गेलं म्हणून. आणि असं नाही की मला काही ठाऊक नव्हतं. यंत्रमागाच्या मंदीवर त्याच वर्षी मी कॉलेजच्या चर्चासत्रात निबंध वाचला होता. पडद्यावर आलेख दाखवला होता. उतरत्या रेषेवरून काठी फिरवली होती. त्या रेषेवर पद्माक्का उभी असेल, हे मला सुचलं नाही. निबंधातली मंदी इस्त्रीची साडी नेसून वाचायची असते, हळदीकुंकवातली महागाई हसवून सांगायची असते. दोन्हींचे खण माझ्या डोक्यात वेगळे होते.

सोपं करून सांगायचं वेड लागलं की असं होतं. माणूस उदाहरण शोधत हिंडतो आणि त्याला माणसं दिसेनाशी होतात. उदाहरण छान छोटं लागतं, चिमटीत धरता येईल असं. आणि जे छोटं नसतं त्याला मी कापून छोटं करत होते.

त्या दिवसांत मला माझ्या वडिलांची, अप्पांची, फार आठवण यायची. दुधनीच्या बाजारात पूर्वी मालाचा भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळू नये. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकून सुट्टीला आले आणि पहिलं काय केलं तर अप्पांना झापलं. ही लबाडी आहे, बाजारात भाव उघडा पाहिजे, वगैरे. अप्पा सुपारी कातरत ऐकत होते. "साक माडव्वा," म्हणाले, म्हणजे पुरे कर बाई. मग थोड्या वेळाने आपणच बोलले, "लबाडी हाय की त्येच्यात. न्हाई कोण म्हणतंय? पण ज्येचा माल हलका निघाला, त्येला चारचौघांत हलका भाव ऐकावा लागत न्हाई. तेवडं एक बरं हाय." मला तेव्हा ते अडाणी वाटलं होतं. ती पद्धत गेली ते बरंच झालं, असं मी आजही वर्गात सांगते, आणि ते खरंही आहे. पण अप्पा भावाबद्दल बोलतच नव्हते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

कळल्यावर लगेच जाऊन माफी मागावी की नाही? शहाण्या माणसाने मागितली असती. मी घसा बसवून घेतला. भाषणं बंद केली आणि मनात म्हटलं, ही झाली शिक्षा. स्वतःची शिक्षा स्वतः ठरवली की ती किती सोयीची निघते! पद्माक्का भाजी घेताना समोरून आली तर मी कोथिंबीर निवडण्यात गढून जायचे. ती "मॅडम" म्हणून हाक मारायची. मी मान हलवायचे, गळ्याकडे बोट दाखवायचे आणि निघायचे. अशी दोन वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात बारावीची उजळणी चालली होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर, वर्गात खिडकीतून ऊन आलेलं, मुली वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. मी फळ्यावर संकोच आणि ऱ्हास यांच्या आकृत्या काढल्या. एक मुलगी म्हणाली, "मॅम, एक उदाहरण द्या ना, तुमच्यासारखं. म्हणजे लक्षात राहील." आणि माझ्या तोंडात ते उदाहरण आलं. तयार, घासून पुसून, या वेळी अगदी बरोबर आकृतीखाली बसणारं. "आमच्या ओळखीच्या एक वहिनी," एवढं मी बोललेसुद्धा. मग मी थांबले. खडू ठेवला आणि तास संपायच्या आधी वर्ग सोडला. मुलींना वाटलं मॅमना बरं नाही. तशीच चालत मी मागच्या चाळीत गेले.

पद्माक्का दारातच शिलाई मशीनवर बसली होती. आता ती घरी नॅपकिनच्या कडा मारून देते. समोर नॅपकिनांचा ढीग, खोलीभर सुताचा वास. मला पाहून चटकन उठली. "अय्यो, मॅडम! या की, बसा. घसा कसा हाय आता?" तिने खुर्चीवरचे नॅपकिन उचलले, पदराने खुर्ची पुसली, मी नको नको म्हणेपर्यंत चहा टाकला. खोटा घसा घेऊन मी तिच्या खुर्चीवर बसले.

"अक्का, मी तुमची माफी मागायला आलेय," मी म्हणाले.

"कशाची?"

"ते वाणाचं. ते भाषण." एवढं म्हणून मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची सवय वाईट. मला वाटलं नीट सांगितलं पाहिजे. मी सांगायला लागले की माझं चुकलं होतं, ती महागाई नव्हतीच. भाव वाढले म्हणून कमी घेणं वेगळं आणि मिळकत घटली म्हणून कमी घेणं वेगळं. पहिल्यात आपण रेषेवरून वर सरकतो, दुसऱ्यात अख्खी रेषाच डावीकडे सरकते. चहाचा कप एका हातात धरून मी दुसऱ्या हाताने हवेत रेषा काढत होते. ती पूर्वी दुसऱ्या रांगेत बसून ऐकायची तशीच ऐकत होती, डोळे बारीक करून, मधे न बोलता.

माझं झाल्यावर म्हणाली, "मंजे म्हागाईनं न्हवं, काम कमी झालं म्हणून."

"हो."

"त्ये तर मला तवाच ठावं हुतं की, मॅडम."

मी खाली पाहिलं. चहावर साय धरली होती. मग जे आधी म्हणायचं होतं ते कसंबसं म्हटलं, की अक्का, मी चारचौघांत तुमचं हसं केलं, मला त्याची फार लाज वाटते. या वेळी गळ्याकडे बोट दाखवून पळाले नाही. तिने हात पुढे करून माझा कप घेतला आणि खाली ठेवला.

"तुमी काय खोटं सांगितलं न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दर साली ल्हान ल्हानच हुत चाललं हुतं त्ये. म्हणून तर मी कागद जास्त लावायची. मला वाटायचं, कुणाच्या ध्यानात येत नसंल."